मार्मोसेटला काय लागतं?

कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके, कपाळावर पांढरा ठिपका, अंगापेक्षा लांब पट्टेदार शेपटी आणि सगळं मिळून वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. कॉमन मार्मोसेट हे माकड मूळचं ब्राझीलच्या ईशान्य भागातलं. तिथल्या काटेरी, कोरड्या काटिंगा रानात ते राहतं, अटलांटिक किनाऱ्याजवळच्या दाट जंगलात राहतं आणि शहरातल्या बागांमध्येही तग धरतं. इतकं चिवट माकड, म्हणून माणसाच्या ताब्यातही ते भरपूर दिसतं: प्राणिसंग्रहालयांत, प्रयोगशाळांत, सुटका केंद्रांत आणि दुर्दैवाने लोकांच्या घरांतही.

एवढ्याशा जिवाला लागतं तरी काय, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात बंदिवासातल्या मार्मोसेटला ठिसूळ हाडं, लठ्ठपणा, मधुमेह, सततचे जुलाब, स्वतःचेच केस उपटणं अशी दुखणी जडतात आणि त्यातली बरीचशी आपण त्याला दिलेल्या खाण्यातून, उजेडातून आणि एकटेपणातून आलेली असतात. त्याचं शरीर कशासाठी घडलंय हे एकदा लक्षात आलं, की काळजीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. म्हणून आधी शरीर बघू.

सुरुवात दातांपासून. मार्मोसेटच्या खालच्या जबड्यातले पुढचे दात चांगले लांब, जवळजवळ सुळ्यांच्या उंचीचे असतात. वरचे दात झाडाच्या सालीत रुतवून ते डोकं स्थिर धरतं आणि खालचे दात वर ओढत सालीला भोक पाडतं. झाडाला जखम झाली की ती बुजवायला डिंक बाहेर येतो. हा डिंक म्हणजे मार्मोसेटचं मुख्य अन्न. सकाळी जाग आली की ते जुन्या भोकांकडे जातं, रात्रभरात साचलेला डिंक चाटतं, भोक आणखी थोडं कोरतं, त्यावर आपला वास लावतं आणि पुढच्या भोकाकडे सरकतं. उभ्या खोडाला चिकटून हे काम करता यावं म्हणून त्याच्या बोटांना टोकदार नख्या असतात. माकडासारखं सपाट नख फक्त पायाच्या अंगठ्याला.

डिंक सहजासहजी पचत नाही. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथली पिशवी, म्हणजे उंडुक, मार्मोसेटमध्ये आकाराने मोठं असतं. तिथे जिवाणू हा डिंक सावकाश आंबवतात आणि त्यातून ऊर्जा मिळते. शिवाय डिंकात कॅल्शियम चांगलं असतं. याला फार महत्त्व आहे, कारण मार्मोसेटचं दुसरं आवडतं खाणं म्हणजे किडे, आणि किड्यांत फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम अगदी थोडं. रानात डिंक आणि किडे मिळून हिशेब जुळतो. पिंजऱ्यात डिंक वगळला की तो बिघडतो.

आता नेहमी दिसणारं ताट आठवा: केळं, द्राक्षं, सफरचंदाच्या फोडी आणि वर दोन-चार अळ्या. माकड म्हणजे फळं, ही आपली समजूत. पण बाजारातली फळं माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून गोड केलेली आहेत. रानफळांच्या मानाने त्यांत साखर जास्त आणि चोथा कमी. अशा खाण्यावर वाढलेलं मार्मोसेट गुबगुबीत दिसतं, लोकांना ते गोंडस वाटतं, आणि आत यकृतात चरबी साठत असते, रक्तातली साखर वाढत असते, दात किडत असतात. दाताच्या मुळाशी पू झाला की कधीकधी थेट डोळ्याखाली सूज दिसते. म्हणून आज चांगल्या प्राणिसंग्रहालयांत फळं जवळजवळ बंद झाली आहेत किंवा अगदी कमी दिली जातात, तीही प्रशिक्षणात बक्षीस म्हणून. रोजच्या खाण्यात या माकडांसाठी खास बनवलेलं पूर्ण खाद्य, भाज्या, किडे आणि डिंक असतो.

डिंक कसा द्यायचा हेही महत्त्वाचं. वाटीत ओतून दिला तर पाच मिनिटांत संपतो आणि उरलेला दिवस रिकामा. जाडसर फांदीला छिद्रं पाडून त्यांत पाण्यात भिजवलेला बाभळीच्या जातीचा डिंक भरला, तर माकड त्या फांदीला चिकटून कोरत बसतं. दात झिजतात, हातपाय चालतात, वास लावायला जागा मिळते. माझ्या मते मार्मोसेटसाठी करता येण्यासारख्या गोष्टींत इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी दुसरी नाही. किड्यांचंही तसंच. रातकिडे किंवा टोळ देण्याआधी त्यांना एक-दोन दिवस कॅल्शियम घातलेलं खाणं खाऊ घालतात, म्हणजे किड्याच्या पोटातून ते माकडापर्यंत पोचतं. ते पालापाचोळ्यात सोडले, तर शोधण्यात आणि पकडण्यात माकडाचा वेळही चांगला जातो.

खाणं नीट असूनही हाडं मऊ पडतात, असं पूर्वी फार व्हायचं. माकड उडी मारायचं टाळू लागायचं, मग फांदीवरून खाली येऊन तळाशीच बसायचं, हात थरथरायचे, जबडा मऊ पडायचा आणि साध्या पडण्यानेही हाड मोडायचं. कारण होतं ड जीवनसत्त्व. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शोषलंच जात नाही. दक्षिण अमेरिकी माकडांच्या पेशी या जीवनसत्त्वाला सहज दाद देत नाहीत. जितक्या प्रमाणात आपलं भागतं, तितक्यात त्यांचं भागत नाही. त्यांच्या रक्तात ते बरंच जास्त असावं लागतं. शिवाय ड जीवनसत्त्वाचे दोन प्रकार असतात. वनस्पती आणि बुरशीतून येणारा डी-टू त्यांना फारसा उपयोगी पडत नाही. त्यांना डी-थ्री लागतो, जो उन्हातल्या अतिनील-ब किरणांनी कातडीत तयार होतो.

हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेमागे ऊन खात बसलेलं मार्मोसेट उबदार राहतं, पण त्याच्या हाडांना त्या उन्हाचा काही उपयोग नाही. म्हणून बाहेर जाळीतून थेट ऊन मिळेल अशी जागा हवी, नाहीतर अतिनील-ब किरण देणारे खास दिवे हवेत. हे दिवे दिसायला पेटलेले असले तरी काही महिन्यांत त्यांतले किरण कमी होतात, म्हणून ते मोजून वेळेवर बदलावे लागतात. खाद्यात डी-थ्री असतोच. पण अंदाजाने वरून थेंब पाजत राहिलं तर उलटं होतं: जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडात साठतं. हे प्रमाण पशुवैद्यानेच ठरवायचं. आणि आपल्याप्रमाणेच माकडांचं शरीरही क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, त्यामुळे तेही खाण्यातूनच यावं लागतं.

जागेबद्दल फार लांबण लावत नाही. मुख्य गोष्ट उंची. मार्मोसेट घाबरलं की वर पळतं, कारण रानात वर गेलं की जीव वाचतो. माणसाच्या डोक्याच्या वर बसायला जागा नसेल तर त्याला कायम कोपऱ्यात सापडल्यासारखं राहावं लागतं. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात प्रयोगशाळेतल्या मार्मोसेटसाठी पिंजऱ्याची उंची किमान दीड मीटर आणि त्याचा वरचा भाग जमिनीपासून किमान १.८ मीटरवर असावा असं म्हटलंय. हे प्रयोगशाळेचं किमान माप आहे, चांगल्या आयुष्याचं नाही. चांगली जागा याच्या कितीतरी पट मोठी असते. तिच्यात वेगवेगळ्या जाडीच्या, थोड्या हलणाऱ्या खऱ्या फांद्या हव्यात, झोपायला लाकडी खोकं हवं, ते उंचावर हवं, आणि आतली हवा उबदार हवी. तेवीस ते अठ्ठावीस अंश तापमान त्यांना मानवतं.

साफसफाईबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण इथे चांगल्या हेतूने चूक होते. मार्मोसेटच्या छातीवर आणि शेपटीखाली गंधग्रंथी असतात. फांदीवर बसून, अंग घासत, ते दिवसभर खुणा करत असतं. कोण कुठे राहतं, कोणती मादी माजावर आहे, हे सगळं त्या वासातून कळतं. आठवड्यातून एकदा सगळा पिंजरा जंतुनाशकाने चकाचक धुतला, की त्यांच्या दृष्टीने घरच परकं होतं. मग ती अस्वस्थ होऊन दुप्पट खुणा करत सुटतात. अनुभवी रखवालदार एका दिवशी निम्म्या फांद्या धुतात, निम्म्या तशाच ठेवतात, आणि झोपायचं खोकं व फांद्या एकाच दिवशी कधीच साफ करत नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: कुटुंब. मार्मोसेट रानात तीन ते पंधरा जणांच्या कुटुंबात राहतं. पिल्लं सहसा एकच मादी घालते. तिच्या सान्निध्यात बाकीच्या माद्यांमध्ये बीज तयार होण्याची क्रियाच बहुतेक वेळा दबलेली असते. गर्भ सुमारे १४३ दिवसांचा आणि पिल्लं सहसा जुळी, प्रत्येकी तीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जन्माच्या दिवशीच दोघांचं मिळून वजन आईच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढं. बाळंतपणानंतर साधारण दहा दिवसांतच आई पुन्हा गाभण राहू शकते. एकटीने हे ओझं घेऊन झाडावर हिंडणं तिला झेपणारं नाही, म्हणून दूध पाजून झालं की पिल्लं बापाच्या पाठीवर जातात, मग थोरल्या भावंडांच्या. जवळून पाहिलं तर ही देवाणघेवाण बघण्यासारखी असते. आई फांदीला अंग घासत पिल्लाला हळूच ढकलते, बाप शेजारी येऊन पाठ लावतो, आणि पिल्लू केसांना धरत, चिरचिर करत एका पाठीवरून दुसरीवर जातं.

थोरल्या भावंडांसाठी हे नुसतं कामाला हात लावणं नसतं. पिल्लू कसं सांभाळायचं हे ती इथेच शिकतात. हा धडा माणसाला मिळाला तो मार्मोसेटच्या चुलत घराण्यातल्या सोनेरी सिंह-टॅमरिनमुळे. १९७० च्या दशकात ब्राझीलच्या रानात ही माकडं शे-दोनशेच उरली होती, आणि प्राणिसंग्रहालयांतही त्यांची संख्या घटत चालली होती. पिल्लं व्हायची आणि आईबाप त्यांच्याकडे नीट बघायचे नाहीत. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधल्या डेव्ह्रा क्लाइमन यांनी या माकडांचं वागणं बारकाईने अभ्यासलं. ही माकडं कळपाने नव्हे, एका जोडीच्या कुटुंबात ठेवायला हवीत आणि पिल्लांना लवकर वेगळं काढता कामा नये, हे त्यातून स्पष्ट झालं. लहानपणी भावंडं पाठीवर न घेतलेलं माकड मोठेपणी आपलं पिल्लू बहुधा नीट सांभाळू शकत नाही. हे बदल आणि सुधारलेला आहार यांमुळे बंदिवासातली संख्या वाढली. १९८४ पासून ही माकडं रिओ दि जानेरो राज्यातल्या पोसो दास आंतास अभयारण्यात सोडायला सुरुवात झाली. तिथेही नवा धडा मिळाला: पिंजऱ्यातल्या पक्क्या दांड्यांवर वाढलेल्या माकडांना रानातल्या वाकणाऱ्या फांद्यांवरून नीट चालता येत नव्हतं. वर हलत्या फांद्यांचा आग्रह धरला तो यासाठीही.

कुटुंबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. बंदिवासात खाणं मुबलक असल्यामुळे मार्मोसेटला अनेकदा तिळी होतात. आईला स्तनाग्रं दोनच, त्यामुळे तिसरं पिल्लू बहुधा वाचत नाही. वर्षातून दोनदा वीण होत असल्यामुळे गर्दी झपाट्याने होते. मोठ्या झालेल्या मुली आईशी किंवा आपसांत भिडतात, आणि ही भांडणं लुटुपुटीची नसतात. कुणाला एकदा कुटुंबातून हाकललं, की पुन्हा आत घेणं जवळजवळ अशक्य. म्हणून चांगल्या संस्था गर्भनिरोधक वापरतात आणि कोणत्या पिल्लाला पुढे कुठे जागा देता येईल याचा विचार ते जन्मण्याआधी करतात.

ही माकडं एकमेकांशी सतत बोलत असतात. जवळ असताना थरथरता बारीक आवाज, कुटुंबातलं कुणी नजरेआड गेलं की लांब शिट्टीसारखी हाक, धोका दिसला की तीक्ष्ण टिकटिक. लांबच्या हाकेला दुसरं माकड मध्ये तोंड घालत नाही. पहिल्याचं संपेपर्यंत थांबतं आणि मग उत्तर देतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हे पाळीपाळीने बोलणं मोजून दाखवलं. एकटं ठेवलेलं मार्मोसेट तीच लांब हाक पुन्हा पुन्हा मारतं. घरात पाळणाऱ्याला वाटतं, ते गातंय.

चेहऱ्याबद्दलही असेच गैरसमज आहेत. दात दिसले म्हणजे माकड हसतंय असं नाही, ते घाबरलेलं असतं. कानांचे झुपके मागे चपटे झाले की भीती, अंगावरचे केस फुलले की राग. शेपटी वर करून पाठमोरं उभं राहणं ही परक्याला दिलेली धमकी. समाजमाध्यमांवरच्या गोड चित्रफितींत यातलं बरंच काही दिसतं आणि खाली लोक हसऱ्या खुणा टाकतात, हे बघवत नाही.

माणसाचा सहवास त्यांना आणखी एका कारणाने महागात पडतो. आपल्या ओठांवर ताप येऊन गेल्यावर जे फोड येतात ते हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे. आपल्याला तो चार दिवसांचा त्रास. मार्मोसेटला झाला तर तोंडात व्रण पडतात, विषाणू मेंदूपर्यंत जातो आणि काही दिवसांत बहुधा मृत्यू येतो. फोड आलेल्या माणसाने या माकडांच्या जवळपासही जाऊ नये. फोड नसतानाही विषाणू लाळेत असू शकतो, म्हणून तोंडाला तोंड लावणं, उष्टं भरवणं कायमचं बंद. गोवर आणि फ्लूसारखे श्वसनाचे आजारही आपल्याकडून त्यांना जातात. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीही या माकडांना पटकन मारतो, त्यामुळे मांजर आणि मार्मोसेट एका आवारात नकोत. उंदरांपासूनही जपावं लागतं. खाऊ म्हणून दिलेल्या उंदराच्या पिल्लांतून आलेल्या विषाणूने अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत ही माकडं दगावलेली आहेत. उलट्या दिशेने, मार्मोसेट चावल्याने माणसाला रेबीज झाल्याच्या घटना ईशान्य ब्राझीलमध्ये नोंदलेल्या आहेत.

आजार ओळखणं अवघड, कारण हे माकड दुखणं लपवतं. रानात अशक्त दिसणं म्हणजे शिकारी पक्ष्याला आमंत्रण. सगळ्यांत भरवशाची खूण वजन. अंग छोटं, त्यामुळे वीस-तीस ग्रॅमची घटही मोठी असते. काही जणांमध्ये जुलाब, शेपटीचे केस गळणं आणि स्नायू झिजणं असा हळूहळू वाढणारा आजार दिसतो, आणि वजनाची नोंद नसेल तर तो फार उशिरा लक्षात येतो. वजनासाठी माकड धरायचं नाही. पिंजऱ्यात काटा ठेवायचा, त्यावर छोटी फळी, आणि फळीवर चढलं की डिंकाचा थेंब. काही दिवसांत कुटुंबातला एकेक जण आपणहून चढतो, आकडा लिहिला जातो, आणि कुणी कुणाला धरलेलं नसतं. एखादं माकड सकाळपासून खात नसेल तर संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही. एवढ्या छोट्या शरीरात रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

एवढं वाचून घरात मार्मोसेट पाळता येईल का, या प्रश्नावर माझं उत्तर स्पष्टपणे नाही असं आहे. विकायला येणारी पिल्लं बहुतेक वेळा काही आठवड्यांची असताना आईपासून काढलेली असतात, कारण माणसाच्या अंगाखांद्यावर बसायची सवय तेव्हाच लागते. युरोपीय संघाने प्रयोगशाळांनाही आठ महिन्यांआधी पिल्लू आईपासून वेगळं करायला मनाई केली आहे. दीड-दोन वर्षांनी तेच पिल्लू वयात येतं, चावायला लागतं, मग कुणी त्याचे सुळे कापतं, कुणी पिंजऱ्यात कोंडतं. बंदिवासात ते बारा वर्षांच्या पुढेही जगू शकतं. सर्व माकडं साइट्स करारात, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, असल्यामुळे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२६ पासून खासगी व्यक्तीला परवान्याशिवाय माकड बाळगता येत नाही.

नको झालं म्हणून सोडून देणं हा तर मार्गच नव्हे. ब्राझीलमध्येच ईशान्येतली मार्मोसेट आग्नेय भागात नेली गेली आणि सोडली गेली. आज रिओच्या आसपास ती सोनेरी टॅमरिनशी जागेसाठी स्पर्धा करतात, आणि तिथल्या दुर्मिळ स्थानिक मार्मोसेटशी त्यांचा संकर होतो आहे.

एकटं मार्मोसेट आधीच ताब्यात असेल, तर पहिलं काम म्हणजे माकडांचा अनुभव असलेला पशुवैद्य आणि कायदेशीर सुटका केंद्र शोधणं. तोवर आहार एका दिवसात बदलू नये. फळं थोडी थोडी कमी करत खास खाद्य आणि डिंक वाढवावा, नाहीतर ते उपाशी बसतं. केंद्रात त्याला जोडीदार मिळवून देतात, आणि यात सहसा प्रौढ नर-मादीची जोडी लवकर जमते, नराची नसबंदी करून. आधी दोघांना शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवतात, मध्ये जाळी. एकमेकांच्या वासाच्या फांद्या अदलाबदल करतात. जाळीपाशी दोघं शांत बसू लागली की दिवसाउजेडी दार उघडतात, तेही दोन झोपायची खोकी आणि पळायला दोन वाटा ठेवून. पहिले काही दिवस रात्री पुन्हा वेगळं करतात, कारण रात्री भांडण झालं तर सोडवायला तिथे कुणी नसतं.